अपिलात शिक्षा रद्द झाली, आता पुढे काय? कोकणातल्या घरांसाठी टप्प्याटप्प्याने

वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केल्याचा निरोप गावात पोहोचला की घरात आधी देवापुढे नारळ ठेवला जातो. वर्षानुवर्षं तारखांना गेलेल्या माणसांना तेवढा दिलासा हवाच. पण जिल्ह्यात विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. निकालानंतरचे पहिले दोन-तीन महिने घरातली माणसं निर्धास्त असतात. मग कधीतरी मुलाला बोटीवरची नोकरी लागते किंवा पासपोर्टसाठी पोलिस चौकशी येते, आणि मिटलेला खटला पुन्हा दारात उभा राहतो. कोर्टाचा निकाल तुरुंग, पोलिस ठाणं, पासपोर्ट कार्यालय आणि नोकरीचं ठिकाण या सगळीकडे आपोआप जात नाही. काही ठिकाणी कोर्ट स्वतः कळवतं, बाकी ठिकाणी तो आपल्यालाच न्यावा लागतो. कुठे, कधी आणि कोणत्या कागदासह न्यायचा, ते इथे क्रमाने सांगते.

रद्द होणं म्हणजे काय

खालच्या कोर्टाच्या निकालात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे आरोपी दोषी आहे हा निष्कर्ष, म्हणजे दोषसिद्धी. दुसरी म्हणजे त्यासाठी दिलेली कैद किंवा दंड, म्हणजे शिक्षा. दोषसिद्धी रद्द झाली की शिक्षेला आधारच उरत नाही, तीही जाते. उलटं मात्र होत नाही. शिक्षा कमी झाली किंवा भोगून संपली, तरी दोषसिद्धी जागेवरच राहते. या लेखातलं बाकी सगळं या एका फरकावर उभं आहे.

आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचंच उदाहरण घ्या. ताईमहाराज प्रकरणात, म्हणजे एका विधवेने घ्यायच्या दत्तकावरून पेटलेल्या वादात, १९०३ साली खोट्या शपथेच्या आरोपावरून त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि दंड झाला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली. या टप्प्यावर शिक्षा घटली होती, पण दोषीपणाचा शिक्का कायम होता. १९०४ साली मुंबई हायकोर्टाने दोषसिद्धीच रद्द केली, तेव्हा कुठे तो शिक्का गेला. त्याच प्रकरणातला दत्तकाचा दिवाणी दावा मात्र पुढे अकरा वर्षं चालला. त्याचं महत्त्व जमिनीच्या भागात येईल.

पहिली पायरी: बातमी बाजूला ठेवा, आदेशाचं शेवटचं पान वाचा

मालवण तालुक्यातली एक आई पेपरचं कात्रण घेऊन आली होती. मथळ्यात 'शिक्षा रद्द' असं ठळक छापलेलं. ती विचारत होती, "निकाल लागलो, सुटलो म्हणतत. मगे माझ्या झिलाक सोडणत नाय कित्याक?" कात्रणाच्या अगदी तळाशी एक ओळ होती: खटला फेरसुनावणीसाठी खालच्या कोर्टाकडे परत. मुलगा अजून आरोपीच होता. त्याला सुटकेसाठी जामिनाचा वेगळा अर्ज करावा लागणार होता, आणि घरच्यांना तो करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून निकाल हातात आला की आधी शेवटचा भाग काढा. सेशन कोर्टाच्या मराठी निकालपत्रात त्यावर 'आदेश' असं लिहिलेलं असतं. हायकोर्टाचा निकाल इंग्रजीत येतो, तो वकिलांकडून ओळीओळीने समजून घ्या. 'अपील मंजूर' आणि 'अपील अंशतः मंजूर' या दोन शब्दांत आयुष्याचा फरक असतो. 'अंशतः' दिसलं की काय मंजूर झालं आणि काय नाही, ते तिथल्या तिथे विचारा.

अपील ऐकणारं कोर्ट काय काय करू शकतं हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२७ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्या तारखेला जी अपिलं आधीच प्रलंबित होती ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच चालतात, त्यामुळे तुमच्या कागदावर कलम ३८६ दिसलं तर गोंधळू नका. मजकूर जवळपास तोच आहे.

सगळ्यात चांगला निकाल म्हणजे दोषसिद्धी रद्द आणि निर्दोष मुक्तता. पुरावा अपुरा पडला, साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत, जप्तीचा पंचनामा टिकला नाही, अशी कारणं त्यात असतात. 'संशयाचा फायदा देऊन' असे शब्द आले म्हणून मन खट्टू करू नका. फौजदारी कायद्याच्या नजरेत तो माणूस पूर्ण निर्दोष असतो. नोकरीच्या बाबतीत त्या शब्दांचा थोडा त्रास होतो, तो पुढे सांगते.

दुसरा प्रकार फेरसुनावणीचा. आरोपीला वकीलच नव्हता, उलटतपासणीची संधी मिळाली नाही, आरोप चुकीचा ठेवला गेला, असं काही घडलं असेल तर वरचं कोर्ट दोषसिद्धी पुसतं, पण खटला जिवंत ठेवतं. तारखा पुन्हा सुरू होतात. आधी भोगलेले तुरुंगातले दिवस वाया जात नाहीत. पुढे पुन्हा कैदेची शिक्षा झालीच तर ते वजा होतात.

तिसऱ्या प्रकारात कलम बदलतं. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरवून 'आजवर भोगलेली शिक्षा पुरेशी' असा आदेश होतो. माणूस त्याच दिवशी घरी येतो, गावाला वाटतं सुटला. सुटला हे खरं, पण दोषसिद्धी कायम आहे. अशा माणसाने पुढे कुठल्याही अर्जात 'मला कधी शिक्षा झालेली नाही' असं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

चौथा प्रकार तडजोडीचा, आणि आपल्याकडे तो बराच दिसतो. बांधावरून किंवा सामाईक आंब्याच्या कलमांवरून भावाभावांत मारामारी झालेली असते, नाहीतर हंगामासाठी घेतलेल्या पैशांचा चेक वटलेला नसतो. खालच्या कोर्टात शिक्षा होते, मग अपील चालू असताना शहाणपण येतं आणि दोघे मिटवतात. कायद्याने तडजोडयोग्य असलेल्या गुन्ह्यात अपील कोर्टाच्या परवानगीने झालेल्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो. चेकच्या खटल्यात इतक्या उशिरा मिटवल्याबद्दल रकमेच्या काही टक्के खर्च विधी सेवा प्राधिकरणाकडे भरायला लावतात. तडजोडीचा कागद घरात करून ठेवला आणि कोर्टात दिला नाही, तर त्याचा काही उपयोग नाही.

स्थगिती म्हणजे रद्द नव्हे

अपील दाखल होताना बहुतेकांना कलम ४३० खाली शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळतो. पुष्कळ घरं यालाच सुटका समजतात. स्थगितीने फक्त तुरुंगात जाणं थांबतं. दोषसिद्धीला स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती अपवादानेच मिळते.

राहुल गांधींच्या खटल्यात हा फरक साऱ्या देशाने पाहिला. २३ मार्च २०२३ ला सुरतच्या कोर्टाने त्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी गेली. सेशन कोर्टाने शिक्षा स्थगित केली, पण दोषसिद्धीला स्थगिती नाकारली, म्हणून खासदारकी परत आली नाही. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि ७ ऑगस्टला ती परत मिळाली. तेव्हाही दोषसिद्धी रद्द झाली नव्हती, फक्त थांबली होती.

दुसरी पायरी: नकला काढा, एक नाही, निदान चार

संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत वाचायला चांगली, पण बहुतेक कार्यालयं सहीशिक्क्याची नक्कलच मागतात. निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज द्या. नकला एकदमच काढून ठेवा: एक तुमच्या घरी, एक नोकरीच्या ठिकाणी, एक पोलिसांसाठी, एक पासपोर्टसाठी. खालच्या कोर्टाच्या मूळ निकालाची नक्कलही जोडीला ठेवा, कारण काय रद्द झालं हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय समोरच्या कारकुनाला कळत नाही. ई-कोर्ट्‌स ॲपवर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की नोंद दिसते. तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कुठल्या कोर्टात जायचं? मॅजिस्ट्रेटने दिलेल्या शिक्षेवरचं अपील सेशन कोर्टात ऐकलं जातं. सिंधुदुर्गाचं मुख्य जिल्हा न्यायालय ओरोसला, रत्नागिरीचं रत्नागिरीत, रायगडचं अलिबागला. सेशन कोर्टाने दिलेल्या शिक्षेवरचं अपील हायकोर्टात जातं. यात अलीकडे मोठा बदल झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे गेले. रायगड मुंबईकडेच आहे. सावंतवाडीहून आंबोली-आजरा मार्गे किंवा रत्नागिरीहून आंबा घाटातून सकाळी निघालेला माणूस काम आटोपून रात्री घरी येऊ शकतो. मुंबईला रात्रीच्या गाडीने जाऊन कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करावा लागायचा, ते दिवस ज्यांनी काढले त्यांनाच याचं मोल कळेल. पावसाळ्यात मात्र निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारा.

ज्यांचं अपील अजून दाखलच व्हायचं आहे त्यांच्यासाठी दोन आकडे. सेशन कोर्टात ३० दिवस, हायकोर्टात ६० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. मुदत टळली असेल तरी हात टेकू नका, विलंब माफीचा अर्ज करता येतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तुरुंगात असलेल्या माणसाला, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मदतीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

तिसरी पायरी: माणूस तुरुंगात असेल तर

सुटकेचा आदेश कोर्टाकडून तुरुंगाकडे जातो. सेशन कोर्ट जवळ आणि माणूस सावंतवाडीच्या किंवा रत्नागिरीच्या तुरुंगात असेल तर फारसा वेळ जात नाही. हायकोर्टाचा निकाल आणि माणूस कोल्हापूरच्या कळंब्याला किंवा पुण्याच्या येरवड्याला असेल तर कागदाचा प्रवास लांबतो. हायकोर्ट आपला निर्णय खालच्या कोर्टाला कळवतं आणि मग खालचं कोर्ट पुढचे आदेश काढतं. म्हणून निकालाच्या दिवशी वकिलांना एवढंच विचारा: सुटकेचा आदेश कुठून निघणार, कशाने जाणार, तुरुंगात पोहोचल्याचं कोण कळवणार?

आदेशात 'इतर गुन्ह्यात आवश्यकता नसल्यास' असे शब्द असतात. त्या माणसावर दुसऱ्या ठाण्यात एखादा किरकोळ खटला पडून असेल आणि त्यात वॉरंट निघालेलं असेल, तर तुरुंग त्याला सोडत नाही. हे आधीच तपासा आणि त्या खटल्यात जामीन करून ठेवा. आदेशातलं नाव, वय, वडिलांचं नाव तुरुंगाच्या नोंदीशी जुळतं का तेही पाहा. कोकणात एका वाडीत एकाच नावाची आणि आडनावाची तीन माणसं सहज सापडतात. एका अक्षराच्या फरकाने कागद परत गेला तर आणखी एक रात्र आत जाते.

हा पाठपुरावा कशासाठी, ते १९८३ सालच्या एका निकालात दिसतं. बिहारमधला एक माणूस १९६८ साली निर्दोष सुटला होता. प्रत्यक्षात तो तुरुंगाबाहेर आला १९८२ साली. मधली १४ वर्षं तो निर्दोष असूनही आत होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सरकारकडून भरपाई देवविली. तो खटला वाचला की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. तेव्हापासून कुणाचाही सुटकेचा आदेश निघाला की तुरुंगात फोन लावल्याशिवाय मी तो दिवस संपवत नाही.

चौथी पायरी: सहा महिन्यांचा कतबा (हमीचं बंधपत्र) आणि सरकारचं अपील

सुटताना एका जातमुचलक्यावर सही घेतात आणि लोक दचकतात: निर्दोष ठरलो, मग जामीन कसला? नव्या संहितेच्या कलम ४८१ प्रमाणे हा बंधपत्राचा कागद सहा महिन्यांसाठी असतो. सरकार किंवा पीडित वरच्या कोर्टात गेले आणि नोटीस आली, तर हजर राहीन, एवढीच ती हमी. सही करण्यात कमीपणा नाही. पत्ता मात्र खरा आणि चालू द्या. मुंबईच्या खोलीचा पत्ता देऊन गावी येऊन राहिलात आणि नोटीस परत गेली, तर वॉरंट निघू शकतं.

सेशन कोर्टाने निर्दोष सोडलं तर सरकार ९० दिवसांत हायकोर्टात अपील करू शकतं. हायकोर्टाने सोडलं तर सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीने जाता येतं. पीडितालाही अपिलाचा हक्क आहे. प्रत्येक खटल्यात असं घडत नाही, पण घडू शकतं हे माहीत असलं की नोटीस आल्यावर घर हादरत नाही.

दोन उदाहरणं आपल्याच हायकोर्टातली. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने १२ जणांची दोषसिद्धी रद्द केली. त्यांतल्या ५ जणांना फाशी झाली होती. सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला न्यायालयाने सांगितलं की सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायला नको, पण या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही. म्हणजे स्थगिती आली तरी ती कशाला आहे, हे वाचावं लागतं. प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या खटल्यात वेगळं घडलं. नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ ला त्यांना सोडलं, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रोखला, पुढे तो रद्द करून अपील पुन्हा ऐकायला लावलं. ५ मार्च २०२४ ला हायकोर्टाने दुसऱ्यांदा निर्दोष ठरवलं. मधला जवळपास दीड वर्षाचा काळ ते तुरुंगातच होते.

निर्दोष मुक्तता अंतिम झाली की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. राज्यघटनेचं कलम २०(२) एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा होऊ देत नाही, आणि संहितेचं कलम ३३७ दुसरा खटलाच रोखतं.

पाचवी पायरी: पैसे, मुद्देमाल, जामीनदार

हे पटकन सांगते, पण टाळू नका. भरलेला दंड परत मिळतो. आदेशात तसं लिहिलं आहे का पाहा, आणि पावती जोडून ज्या कोर्टात दंड भरला तिथे अर्ज करा. पावती हरवली असेल तर कोर्टाच्या नोंदीवरून दाखला मिळवता येतो.

चेकच्या खटल्यात अपील करताना दंडाच्या किंवा भरपाईच्या निदान २० टक्के रक्कम कोर्टात भरायला सांगतात. ती फिर्यादीने उचलली असेल आणि तुम्ही निर्दोष सुटलात, तर कोर्ट त्याला ती ६० दिवसांत व्याजासह परत करायला लावतं. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस मिळतात. निकालाच्या वेळीच वकिलांकरवी ही मागणी नोंदवा.

जप्त केलेली गाडी, मोबाइल, होडी, जाळी या मुद्देमालाबाबत आदेशात वेगळी ओळ असते. बहुतेक वेळा 'अपिलाची मुदत संपल्यावर' परत द्यायचं लिहिलेलं असतं. ती मुदत कधी संपते त्याची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा. खाऱ्या हवेत पोलिस ठाण्याच्या आवारात उभी राहिलेली दुचाकी एका पावसाळ्यात खलास होते.

जामीनदाराला विसरू नका. त्याने सातबारा, गाडीचं आरसी बुक किंवा बँकेची ठेव पावती दिलेली असते. त्याचं बंधपत्र रद्द झाल्याचा आदेश घ्या आणि मूळ कागद त्याच्या हातात द्या. पुढे त्याला जमिनीवर कर्ज काढायचं असेल तेव्हा तुमच्या खटल्यापायी त्याचं काम अडू नये.

सहावी पायरी: पोलिसांची नोंद, पासपोर्ट आणि बोटीवरची नोकरी

कोकणात या पायरीला सगळ्यात जास्त जपायला हवं. इथल्या किती घरांचा संसार जहाजावरच्या आणि आखातातल्या पगारावर चालतो, हे वेगळं सांगायला नको. आणि तिथला प्रत्येक दरवाजा पोलिस पडताळणीतून उघडतो.

गुन्हा ज्या ठाण्यात नोंदला गेला, तिथल्या संगणकात 'शिक्षा' अशी नोंद झालेली असते. अपिलाचा निकाल तिथे चढला नसेल तर पडताळणीचा अहवाल जुनाच जाईल. म्हणून ठाणे अंमलदाराच्या नावे साधा अर्ज लिहा: गुन्हा क्रमांक, खटला क्रमांक, खालच्या कोर्टाच्या निकालाची तारीख, अपील क्रमांक, अपिलाच्या निकालाची तारीख, आणि 'सदर निकालाची नोंद घेऊन अभिलेख अद्ययावत करावेत' ही विनंती. सोबत नकलेची झेरॉक्स जोडा आणि मूळ नक्कल दाखवायला न्या. दुसरी प्रत पोलिस अधीक्षक कार्यालयात द्या. दोन्ही ठिकाणी आपल्या प्रतीवर पोच घ्या, म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. तोंडी 'होईल, जा तुम्ही' यावर परत फिरू नका. दोन महिन्यांनी जाऊन नोंद चढली का ते विचारा.

बोटांचे ठसे आणि छायाचित्रं घेतली असतील तर २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात एक उपयोगी तरतूद आहे. ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही असा माणूस सर्व कायदेशीर मार्ग संपल्यावर निर्दोष ठरला, तर त्याच्या मोजमापांची नोंद नष्ट करायची असते, कोर्टाने कारण देऊन वेगळा आदेश केला नसेल तर. नाहीतर ती नोंद ७५ वर्षं राहू शकते. तेव्हा सरकारच्या अपिलाची मुदत संपली की यासाठीही लेखी मागणी करा.

पासपोर्टच्या अर्जात दोन गोष्टी विचारतात: गेल्या ५ वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली आहे का, आणि तुमच्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे का. दोषसिद्धी रद्द होऊन मुक्तता झाली असेल तर पहिल्या प्रश्नाची आडकाठी उरत नाही. तरी नक्कल सोबत असू द्या. फेरसुनावणीचा आदेश असेल तर मात्र खटला प्रलंबित आहे. तेव्हा त्या कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो. त्या परवानगीत किती काळासाठी हे लिहून घ्या. काळ लिहिलेला नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो आणि बोटीचा करार त्यात बसत नाही.

आणि कळकळीने सांगते, अर्जात काही लपवू नका. 'कधी अटक झाली होती का', 'कधी खटला चालला का' असं विचारलं असेल तर 'हो, अपिलात निर्दोष मुक्तता' असं लिहा आणि निकाल जोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नोकरीतल्या पडताळणीबाबत स्पष्ट केलं आहे की माहिती लपवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं. निर्दोष सुटलेल्या पोराने भीतीपोटी 'नाही' लिहिलं आणि त्या एका शब्दापायी हातची नोकरी गेली, तर ते दुःख सहन होणारं नाही.

सातवी पायरी: सरकारी नोकरी, एसटी, शाळा

शिक्षा झाल्यावर बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्याने निर्दोष मुक्ततेनंतर लगेच लेखी अर्ज करून कामावर परत घेण्याची मागणी करावी. बडतर्फीचं कारण फक्त दोषसिद्धी हेच असेल तर ते कारणच आता उरलेलं नाही. पण दोन अडचणी येतात. खातं स्वतःची वेगळी चौकशी करू शकतं, आणि तिथे पुराव्याची पट्टी फौजदारी कोर्टाइतकी कडक नसते. 'संशयाचा फायदा' हे शब्द इथेच बोलून दाखवले जातात. दुसरं म्हणजे मधल्या काळाचा पगार. १९९६ साली गुजरातच्या वीज मंडळातल्या कर्मचाऱ्याला कामावर परत घेतलं गेलं, पण मागचा पगार सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. तेव्हा पुनर्नियुक्ती, सेवेची सलगता आणि मागचा पगार या तीन मागण्या अर्जात वेगवेगळ्या लिहा, एकीचा नकार दुसरीला लागू नये.

महामार्गावरच्या अपघातात शिक्षा होऊन पुढे सुटलेल्या चालकांनी आपल्या परवान्याकडेही पाहावं. परवाना निलंबित झाला असेल तर परिवहन कार्यालयात निकालाची नक्कल द्यावी लागते.

जमिनीचा दावा वेगळा चालतो

मारामारीच्या खटल्यात सुटलात म्हणजे बांध तुमचा झाला, असं नाही. फौजदारी कोर्टाने फक्त गुन्हा सिद्ध झाला की नाही एवढंच पाहिलं. मालकी, वहिवाट, वाटप हे दिवाणी कोर्ट ठरवतं. टिळकांची दोषसिद्धी १९०४ साली रद्द झाली तरी दत्तकाचा दिवाणी वाद १९१५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये त्यांच्या बाजूने लागेपर्यंत संपला नाही. फौजदारी निकालाच्या आनंदात दिवाणी दाव्याच्या तारखा चुकवू नका. एकतर्फी हुकूम झाला तर तो उठवायला पुन्हा वर्षं जातात.

माणूसच राहिला नसेल तर

अपील चालू असताना आरोपी वारला तर अपील तिथेच संपतं, आणि त्याच्या नावावर दोषसिद्धी तशीच राहते. कैदेची शिक्षा असेल तर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं-नातवंडं, भाऊ-बहीण यांना ३० दिवसांत अर्ज करून ते अपील पुढे चालवता येतं. दिवसकार्याच्या गडबडीत हे ३० दिवस कसे गेले ते कळतही नाही. वकिलांना मृत्यूची खबर त्याच आठवड्यात द्या. नाव साफ होण्याची इच्छा मरणाऱ्या माणसाची असते, आणि मागे राहिलेल्या लेकरांचीही.

भरपाई मिळते का

चुकीने शिक्षा भोगलेल्या माणसाला ठरावीक भरपाई देणारा कायदा आपल्या देशात नाही. विधी आयोगाने २०१८ साली आपल्या २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली, ती अजून कागदावरच आहे. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि प्रत्येक अधिवेशनाच्या वेळी आपल्या आमदार-खासदारांना हे विचारलं गेलं पाहिजे. तोवर कोर्टांनी एकेका प्रकरणात दिलेली भरपाई हाच आधार आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या सहा जणांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. त्याच न्यायालयाने २००९ साली त्यांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केलं होतं.

कुणी द्वेषाने खोटी फिर्याद केली होती असं तुमचं म्हणणं असेल तर दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा करता येतो. त्यासाठी नुसतं निर्दोष सुटणं पुरत नाही. फिर्यादीला सबळ कारण नव्हतं आणि त्याच्या मनात आकस होता, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. दाव्याची मुदत निर्दोष सुटल्यापासून एक वर्ष आहे. सरकारला किंवा सरकारी अधिकाऱ्याला प्रतिवादी करायचं असेल तर त्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि पोलिस अधिकाऱ्याविरुद्ध मुदत याहून कमी लागू शकते. म्हणून हा विचार मनात असेल तर निकालाच्या पहिल्याच महिन्यात दोन्ही निकालांच्या नकला, फिर्यादीची प्रत आणि साक्षीदारांचे जबाब घेऊन वकिलांकडे बसा.